शब्दचर्चा : विश्वास, कर्म, क्रिया, तारण

प्रश्न (मिरज) : इथल्या एका प्रार्थनासभेत ऐकलं, ‘तारण कर्मांनी होत नाही, विश्वासाने होतं.’ मग सत्कर्माला किंमत नाही का? मिरजेचं वॉन्लेस रुग्णालय 1894 साली प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनच्या डॉक्टरांनी उभं केलं. त्यांची परंपरा तर हेच वाक्य शिकवणारी. शिवाय ‘तारण’ म्हटलं की सांगलीतल्या ‘सोने तारण कर्ज’च्या पाट्याच डोळ्यांपुढे येतात.

उत्तर (सातारा) : घोटाळा ‘कर्म’ या शब्दापाशी आहे. आपण तो ऐकतो तो गीतेच्या कानांनी. संचित, फळ सगळं सोबत येतं. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (अध्याय 3, ओवी 28) प्रेषित पौल ‘नियमशास्त्रातील’, म्हणजे मोशेच्या यहुदी धर्मनियमांतील, ‘कर्मां’विषयी बोलतोय. सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध अशा गोष्टी परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, लादायच्या का, हा त्याच्यापुढचा पेटलेला वाद. अर्थात तो तेवढ्यावर थांबत नाही. देवापुढे कुणालाच आपल्या कर्तबगारीची बढाई मारता येणार नाही, इथपर्यंत जातो.

नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्रात (2:26) मात्र क्रियांवाचून विश्वास निर्जीव म्हटलाय. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच, ‘एर्गा’. मराठी पवित्र शास्त्रात एकीकडे ‘कर्मे’, दुसरीकडे ‘क्रिया’. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण दोघांचा रोख वेगळा आहे. उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांना याकोब धारेवर धरतो. भुतेही देव एक आहे असं मानतात आणि थरथर कापतात, असं तो सुनावतो. म्हणजे त्याच्या समोरचा ‘विश्वास’ नुसती मान्यता आहे. पौलाचा विश्वास म्हणजे स्वतःला सोपवून देणं.

दोघंही दाखला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच देतात. पौल उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) 15 मधला, सुंतेच्या आधीचा, नुसत्या वचनावर भरवसा ठेवणारा अब्राहाम दाखवतो. याकोब उत्पत्ती 22 मधला, आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी वेदीवर ठेवणारा. हे दोन अध्याय लागोपाठ वाचावेत, माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद (सांगली) : मग प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने ‘केवळ विश्वासाने’ असा ‘केवळ’ शब्द घातला तो?

उत्तर (सातारा) : हो, 1522च्या जर्मन नव्या करारात, रोम 3:28 मध्ये. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. अर्थ तोच आहे, असं त्याचं म्हणणं. उलट ‘केवळ विश्वासाने नव्हे’ हे शब्द याकोबात (2:24) खरोखरच आहेत. कॅथलिकांच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने 1547 मध्ये ‘केवळ’चा ल्यूथरपंथी अर्थ नाकारला. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : देव आपला स्वीकार करतो तो कृपेनेच, आपल्या गुणांमुळे नव्हे; आणि तीच कृपा सत्कर्मांना प्रवृत्त करते. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण या मुद्द्यावर एकमेकांना दिलेले जुने शाप (धिक्कार) आजच्या शिकवणीला लागू नाहीत, असं ठरलं. मिरजेच्या रुग्णालयाचं कोडं मला इथेच सुटताना दिसतं. ती सेवा तारण कमावण्यासाठी नव्हती, तारण झालंय या भरवशातून होती.

‘तारण’ म्हणजे पार नेणं, वाचवणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’मधलं ‘तारी’. गहाणाचा अर्थ इथे आणू नये. लिहिताना ‘तारण कमावले’ टाळावं, ‘तारण झाले’, ‘तारण लाभले’ लिहावं.

प्रतिसाद (मिरज) : पण फिलिप्पैकरांस पत्रात (2:12) पौलच ‘आपले तारण साधून घ्या’ म्हणतो!

उत्तर (सातारा) : म्हणतो. आणि लगेच पुढच्या ओवीत सांगतो की इच्छा आणि कृती दोन्ही साधून देणारा देव आहे. ‘साधून घेणं’ आणि ‘साधून देणं’ एकाच दमात.