घरची पिल्लं विकताना भाव कुठला लावायचा?

टँकवेडा
माझ्या एंजल माशांच्या जोडीनं जूनमध्ये टाकीतल्या स्वॉर्ड या रोपाच्या पानावर अंडी घातली. याआधी दोनदा आईबापांनीच खाऊन टाकली होती, म्हणून या खेपेला पान कापून वेगळ्या टाकीत ठेवलं. आता बासष्ट पिल्लं रुपयाच्या नाण्याएवढी झालीत. दुकानात या मापाचा एंजल ऐंशीला आहे, मी पन्नास सांगितले. तर एकानं विचारलं, "घरात झालेल्या पिल्लांचे कसले पैसे?" लई लागलं ते. पिल्लं पोहायला लागल्यापासून तीन आठवडे दिवसातून चार वेळा ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यात अंड्यातून निघालेले बारीक जिवंत जीव, दिलाय. रोज मिठाच्या पाण्याची नवी बाटली लावायची, पंप चालू ठेवायचा, दुसऱ्या दिवशी गाळून घ्यायचं. पन्नास जास्त आहेत का?

पंचगंगाकाठ
आकडा जास्त नाही, पैसे घेणंच मला पटत नाही. मला पहिली गप्पीची जोडी शिवाजी पेठेतल्या एका काकांनी पिशवीत बांधून दिली, एक रुपया न घेता. शाळेत होतो, पैसे कुठले? त्यांनी भाव लावला असता तर मी या छंदात आलोच नसतो. डासांच्या अळ्या खायला हिवताप विभागसुद्धा गप्पी फुकट देतो.

लक्ष्मीपुरी२२
ते गप्पी आणि एंजल एका मापात कसे धरता? गप्पी साधारण महिन्याला पिल्लं टाकते आणि हौदातही तगते. मी बारा एंजल फुकट दिले होते. चार दिवसांनी फोन, "सगळे मेले, अजून द्या." विचारलं तर काचेची बरणी आणि थेट नळाचं पाणी, क्लोरीन उडू दिलेलंच नाही. पैसे मोजणारा आधी चार प्रश्न तरी विचारतो.

दुकानाचं गल्लं
ऐंशीत आमच्या पेटीत मेलेले मासे, भाडं, वीज सगळं असतं. तुम्ही पन्नासला विकलं की गिऱ्हाईक मासा तुमच्याकडून नेतं आणि औषध उधारीवर मागायला आमच्याकडे येतं. सत्तरच्या खाली येऊ नका, नाहीतर सगळी पिल्लं तीसनं आम्हाला द्या.

जुना हौशी
दुकानाचा भाव आणि तुमची मेहनत, दोन्ही बाजूला ठेवा. मासा बघून भाव लावा. पोटाखालचे लांब पर सरळ आहेत का? कल्ल्यांची झाकणं पुरी आहेत का? वाकडी पिल्लं त्याच पन्नासात खपवलीत तर ती लबाडी. आणि सगळी सख्खी भावंडं आहेत हे घेणाऱ्याला आधी सांगा, त्याला पुढं जोडी लावायची असेल.

टँकवेडा
दादा, काल रात्री टॉर्च लावून बघितलं. नऊ पिल्लांचे पर वाकडे निघाले. ती माझ्याकडेच राहतील. बाकी त्रेपन्न पन्नासनंच, भावंडं आहेत असं सांगून. दुकानाला तीसनं देणार नाही, पण सत्तरही लावणार नाही. शाळकरी पोरगा टाकी सायकल करून, म्हणजे मासे सोडण्याआधी पाण्यात उपयोगी जिवाणू वाढू देऊन, आला तर त्याला चार तशीच देईन.

पंचगंगाकाठ
पोरांचं ऐकून बरं वाटलं. तरी मोठ्यांकडूनही मी घेणार नाही. माझ्या कोरीडोरासची, म्हणजे तळाशी फिरणाऱ्या छोट्या माशांची, अंडी काचेला लागलीत. जगली तर इथंच कळवतो, डबा घेऊन या.