मदत हवी आहे: मशीनवर धार लावलेलं ड्रिल बिट चमकतं, पण लोखंडात उतरत नाही

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. सुट्टीच्या दिवशी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी स्टँड आणि मांडण्या बनवतो. एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) अँगल आणि चौकोनी पाइप कापून आणतो, भोकं घरी पाडतो, वेल्डिंग बाहेरून करून घेतो. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांची ड्रिल बिटांची पेटी आता माझ्याकडे आहे. 3 मिमीपासून 13 मिमीपर्यंत सगळं त्यात आहे, पण बहुतेक बिटं बोथट झालेली. बोहरी आळीत नवीन मिळतात हे माहीत आहे, पण या जुन्या बिटांचं पोलाद चांगलं आहे आणि ती नुसती पडून राहावीत असं मला वाटत नाही.

फ्लॅटमध्ये बेंच ग्राइंडर ठेवणं शक्य नाही. आवाज, ठिणग्या, धूळ, शिवाय खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. म्हणून विजेवर चालणारा छोटा शार्पनर ऑनलाइन मागवला. आत डायमंडचं चाक आहे. बिट एका चकमध्ये धरायचं, आधी बाजूच्या खाचेत घालून ते किती बाहेर राहील हे ठरवायचं आणि मग चक मुख्य भोकात घालून डावी-उजवीकडे डोलवायचा. एक बाजू झाली की चक अर्धा फेरा फिरवून दुसरी बाजू. सोबत आलेल्या कागदावर चित्रं आहेत, मजकूर जवळजवळ नाहीच.

आता अडचण. 8 मिमीचं बिट लावलं. दोन्ही बाजू आरशासारख्या चमकतात, कड नखाला लागते. लाकडात छान जातं. पण 5 मिमी जाडीच्या एमएस पट्टीवर लावलं की किंचाळतं, जागेवर गोल चकचकीत डाग पडतो आणि धूर येतो. चिप निघतच नाही. फार दाब दिला तर काळी भुकटी पडते. त्याच पट्टीत, त्याच ड्रिल मशीनवर नवीन 8 मिमी बिट सरळ आरपार जातं. 6 आणि 10 मिमीच्या बिटांचंही हेच.

मला विचारायचं आहे ते असं:

कड धारदार असूनही बिट कापत का नाही? हा मशीनचा दोष की मांडणीचा?

पेटीतली कोणती बिटं या मशीनवर लावण्यासारखी आहेत? त्यात भिंतीची बिटंही आहेत, दोन-तीन सोनेरी रंगाची आहेत.

माझा भाचा डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय. तिकडचा ड्रिल डॉक्टर (बिटांना धार लावायचं मशीन) आणू का, असं विचारतोय. तो इथे चालेल का?

जाणकारांनी वेळ काढून सांगावं.

प्रतिसाद (धनकवडी)

आधी साधं बघा. ड्रिल मशीन उलट्या दिशेला फिरत नाहीये ना? आणि हॅमर मोड बंद आहे ना? लोखंडावर हॅमर चालू राहिला तर धार पहिल्या मिनिटात जाते.

धागाकर्ता

दोन्ही तपासलं, दादा. दिशा बरोबर आहे, हॅमर बंद आहे. नवीन बिट त्याच सेटिंगवर चालतं.

प्रतिसाद (औंध, हौशी सुतारकाम)

4 मिमीच्या खालची बिटं लावण्याच्या नादी लागू नका. चकमध्ये नीट धरता येत नाहीत, हात जरा हलला की कोन बिघडतो आणि नवीन घेतली तरी फार खर्च नाही. 6 च्या वरची लावा, तिथे मशीनचे पैसे वसूल होतात. लाकडाची मधे टोक असलेली बिटं या मशीनवर अजिबात घालू नका. मधलं टोक घासलं जाईल आणि बिट कामातून जाईल. त्यांना बारीक सपाट कानसच बरी.

प्रतिसाद (भोसरी, टूलरूम)

धारेत काही खोट नाही. धारेच्या मागची पाठ घासतेय. तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे किंचाळणं, चकचकीत डाग आणि चिपऐवजी भुकटी, ही सगळी त्याचीच.

ड्रिलच्या, म्हणजे बिटाच्या, टोकाला दोन कडा असतात. कड लोखंडात उतरायची तर तिच्या मागचा पृष्ठभाग कडेपेक्षा खाली उतरत जायला हवा. साध्या कामाच्या ड्रिलला हा उतार बाहेरच्या टोकाशी साधारण 8 ते 12 अंश ठेवतात. तो शून्य झाला किंवा उलटा झाला, म्हणजे मागची टाच कडेपेक्षा वर राहिली, की कड लोखंडाला पोचतच नाही. टाच टेकते आणि घासत राहते. लाकूड मऊ, ते दबतं, म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवलं नाही.

खात्री करून घ्या. नवीन 8 मिमी बिटाने पट्टीत फक्त टोकापुरता खड्डा पाडा. मग तुमच्या बिटाच्या मागच्या दोन्ही पाठी काळ्या मार्करने रंगवा. ते बिट ड्रिल मशीनला लावून त्या खड्ड्यात हलक्या दाबाने क्षणभर फिरवा आणि काढून बघा. शाई कडेजवळची गेली तर बिट कापतंय. कडेजवळची तशीच राहून मागची पुसली गेली तर टाच घासतेय. सपाट पट्टीवर ही परीक्षा करू नका. टोक शंकूसारखं असल्यामुळे तिथे फक्त मधला बिंदू टेकतो आणि काहीच कळत नाही.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. बिट टोकाकडून बघा. दोन कडांच्या मधे जी छोटी आडवी रेघ असते ती चिझल एज. चांगल्या ड्रिलला ती कडांशी 120 ते 135 अंशांत तिरकी असते. तुमची रेघ कडांशी जवळजवळ काटकोनात दिसत असेल तर मागे उतार कमी पडलाय. नवीन बिट शेजारी धरून बघा, फरक लगेच कळेल.

आता हे का झालं. तुमच्यासारख्या मशीनमध्ये चक डोलवताना आतल्या उंचवट्यावर सरकतो आणि पाठीचा उतार त्या सरकण्यातून मिळतो. त्यामुळे बिट चकमध्ये किती बाहेर आहे एवढ्याने भागत नाही. ते स्वतःभोवती कोणत्या कोनात फिरवून धरलंय यावर उतार ठरतो. बाजूच्या खाचेत दोन पात्यांसारखे ओठ असतील, त्यांच्यामध्ये बिटाच्या फ्लूटचा (अंगावरच्या पिळदार पन्हळीचा) अरुंद भाग पकडला जायला हवा. तिथे बिट थोडं तिरकं बसलं की सगळा उतार बिघडतो. बिट आणि चक आधी कापडाने पुसून कोरडे करा, तेल असलं तर घट्ट केल्यावरही बिट आत फिरतं.

खाचेत नीट बसवूनही उतार कमी येत असेल तर बिट चकमध्ये अगदी किंचित फिरवून परत घट्ट करा आणि घासून बघा. कोणत्या बाजूला फिरवायचं हे मशीनच्या रचनेवर आहे. एका बाजूने उतार वाढला तर तीच दिशा, घटला तर उलटी. हे शिकायला 10 मिमीचं बिट घ्या, त्यावर उतार नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दोन्ही बाजूंना डोलवण्याची संख्या सारखी ठेवा आणि दाब हलका. एक कड लांब राहिली तर सगळं काम तीच करते आणि भोक मापापेक्षा मोठं पडतं. 8 च्या बोल्टला 8 चं भोक ढिलं होऊन बसेल.

धागाकर्ता

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, फार आभार. चिझल एज बघितली. नवीन बिटाची तिरकी आहे, माझी जवळजवळ आडवी काटकोनात. मार्करची परीक्षा संध्याकाळी करतो. एक शंका: पेटीत कोणतं बिट एचएसएस (हाय स्पीड स्टील) आणि कोणतं साधं हे कसं ओळखायचं? बऱ्याच दांड्यांवरचे शिक्के झिजलेत.

प्रतिसाद (भोसरी, टूलरूम)

ओळखीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर दांडीचा शेवट क्षणभर टेकवा. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, भरपूर आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. एचएसएसच्या ठिणग्या लालसर, मोजक्या, फारशा न फुटणाऱ्या. मोठ्या ड्रिलची दांडी कधी कधी साध्या पोलादाची जोडलेली असते, म्हणून शंका आली तर टोकाकडच्या ठिणग्या बघा.

फरक महत्त्वाचा आहे. कार्बन स्टीलचं टोक निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. एचएसएस 600 अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत कडकपणा राखतं, त्यामुळे नुसतं निळं पडल्याने बिघडत नाही. पण तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका. बारीक तडे जातात, दिसत नाहीत आणि मग धार कपच्या होऊन उडते. हवेत थंड होऊ द्या.

सोनेरी बिटांवर टायटेनियम नायट्राइडचा पातळ थर असतो. घासलं की टोकावरचा थर जातो, बाकी अंगावर राहतो. ती लावायला हरकत नाही, साध्या एचएसएससारखी चालतात. भिंतीच्या बिटाचं टोक टंगस्टन कार्बाइडचं, पितळेने डाखलेलं. साध्या राखाडी-पांढऱ्या दगडावर ते घासलं जात नाही, त्याला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा डायमंड लागतो. तुमचं चाक डायमंडचं आहे, तरी भिंतीच्या बिटाचा कोन आणि रचना वेगळी असते. मशीनवर तसं भोक दिलं नसेल तर नाद सोडा.

अजून एक. ड्रिलचा मधला गाभा दांडीकडे जाड होत जातो. वारंवार धार लावून ड्रिल आखूड झालं की टोकाशी गाभा जाड येतो आणि चिझल एज रुंद होते. मग ड्रिल कापतं, पण आत ढकलायला जोर लागतो. बाबांच्या पेटीतली खूप आखूड झालेली बिटं असतील तर गाभा बारीक करून घ्यावा लागेल, ते काम तुमच्या मशीनवर बहुधा होणार नाही. 135 अंशांची, मधे चिरलेल्या टोकाची बिटं तुमच्या मशीनवर 118 अंशांच्या नेहमीच्या कोनात घासलीत तर ती जागेवरून सरकतील. अशा बिटांना आधी सेंटर पंच मारा.

प्रतिसाद (कर्वेनगर, इलेक्ट्रिकल)

अमेरिकेतल्या मशीनबद्दल. तिकडचा पुरवठा 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपला 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. पिन बदलणारा ॲडॅप्टर लावून सरळ जोडलंत तर मोटर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तपकीर गल्लीत मिळेल. मशीनवर जेवढे वॉट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर) क्षमतेचा घ्या. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. कार्बन ब्रश असलेल्या मोटरला त्याने फरक पडत नाही, इंडक्शन मोटर हळू फिरते आणि जास्त तापते. भाच्याला आधी मशीनवरच्या व्होल्ट-वॉट लिहिलेल्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. माझं मत विचाराल तर वॉरंटी इथे मिळत नाही, चाक बदलायचं झालं तर परत तिकडूनच. तुमचं आहे ते मशीन नीट चालायला लागलं तर कशाला?

प्रतिसाद (भोसरी, टूलरूम)

यांच्याशी सहमत. आणि धार टिकवायची असेल तर स्पीड बघा. एचएसएसने एमएस कापताना कडेचा वेग मिनिटाला 25 ते 30 मीटर धरतात. म्हणजे 6 मिमीला सुमारे 1300 ते 1600 फेरे, 10 मिमीला 800 ते 950. घरातली ड्रिल मशीन पूर्ण दाबली तर 2800-3000 ला जाते. 10 चं बिट त्या वेगाला लोखंडात घातलं तर किती का चांगली धार असेना, पाच भोकांत जाईल. ट्रिगर अर्धवट दाबा किंवा वेगाचं चक्र खाली आणा. दोन थेंब कटिंग ऑइल टाका. एसएसला (स्टेनलेस स्टीलला) वेग निम्म्याहून कमी, दाब सलग. मधेच नुसतं घासू दिलं तर एसएसचा पृष्ठभाग कडक होतो.

चष्मा लावा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत.

प्रतिसाद (चिंचवड)

कोन तपासायला गेज नसेल तर एकाच मापाचे दोन षटकोनी नट टेबलावर आडवे ठेवून एकमेकांना सपाट बाजूने चिकटवा. मधे जी व्ही तयार होते ती बरोबर 120 अंशांची. बिटाचं टोक त्यात धरून उजेडाकडे बघा. 118 आणि 120 मधला फरक घरच्या कामाला चालतो. एका बाजूने उजेड दिसला तर ती कड तिरकी आहे.

धागाकर्ता

मंडळी, मार्करची परीक्षा केली. काका म्हणाले तसंच निघालं, कडेजवळची शाई शाबूत आणि मागची पूर्ण पुसलेली. खाचेतल्या त्या दोन ओठांमध्ये फ्लूटचा रुंद भाग अडकत होता, कागदावरच्या चित्रात हे कळत नाही. बिट फिरवून अरुंद भाग ओठांत धरला, पुसून घट्ट केला आणि 10 मिमीचं बिट परत लावलं. आता पाठीचा उतार दिसतो, चिझल एज तिरकी आली आहे. वेग कमी करून, तेल टाकून पट्टीवर लावलं तर दोन्ही फ्लूटमधून सारख्या जाडीच्या वळ्या निघाल्या. 8 चंही झालं.

6 मिमीच्या बिटातून मात्र एकाच बाजूने चिप येते. नटांमध्ये धरून बघितलं, दोन्ही बाजूंना उजेड नाही, म्हणजे कोन सारखाच आहे. मग एक कड लांब राहिली असेल का? आणि ती या मशीनवरच, फक्त एका बाजूने जास्त डोलवून सारखी करता येईल, की पूर्ण टोक नव्याने घासावं लागेल?

भाच्याला नको म्हणून कळवलंय.

प्रतिसाद (भोसरी, टूलरूम)

हो, कड लांब राहिली आहे. ज्या बाजूने चिप येते ती कड पुढे आहे, तीच घासायची. त्या बाजूला अगदी हलकं दोन-तीनदा डोलवा, दुसरीला हात लावू नका, आणि मध्ये मध्ये पट्टीवर लावून बघत जा. दोन्हीकडून चिप आली की थांबा. तरी जमलं नाही तर बिट चकमध्ये मध्यावर बसत नाहीये. वाकलंय का बघायला काचेवर ठेवून लोळवा.