कृपया लॉनमधून भाजी तोडू नये

कुलकर्णी ए-३०२ (सकाळी ७:०८): सुप्रभात. बी विंगसमोरच्या लॉनचे चार फोटो टाकले आहेत. हे लॉन आहे की गायरान, ते कमिटीने सांगावे. गेल्या वर्षी या मेक्सिकन लॉनवर १,१२,००० रुपये खर्च झाले. आठ दिवसांत तणनाशक मारून घ्यावे, ही नम्र विनंती. गणपतीत पाहुणे येतात, लाज वाटते.

कुलकर्णी ए-३०२: फोटो क्र. ३ विशेष बघावा.

मेघना बी-१०४: फोटो क्र. ३ मध्ये माझ्या सासूबाई आहेत.

कुलकर्णी ए-३०२: वहिनी, गैरसमज नसावा. रोख व्यक्तीवर नाही. त्या लॉनमध्ये बसून काहीतरी तोडत आहेत, एवढेच.

मेघना बी-१०४: घोळ तोडतायत. भाजीची. दर पावसाळ्यात तोडतात, तुमचं लॉन यायच्या आधीपासून.

रोहन सी-६०१: म्हणजे मेंटेनन्स सगळ्यांचा आणि भाजी फक्त बी विंगला? 😄

सावंत सी-२०३: शुभ सकाळ 🌹 आज टँकर आहे का?

शिंदे मॅडम डी-१०१: तणाचा विषय निघालाच आहे तर, जनरेटरच्या मागे गाजर गवत छातीपर्यंत आलंय. आमची बेडरूमची खिडकी त्याच्यावरच उघडते. मुलीला दम्याचा त्रास आहे. प्लीज आधी ते बघा.

रोहन सी-६०१: काकू, भाजी तीनदा धुऊन घ्या बरं का. त्या लॉनमध्ये समस्त श्वानवर्ग जाऊन येतो.

तन्वी बी-४०३: श्वानवर्ग म्हणजे ब्रूनोच ना? सरळ नाव घ्या. ब्रूनो लॉनवर जात नाही.

रोहन सी-६०१: सोमवारचं संध्याकाळचं सीसीटीव्ही बघू या का?

जोगळेकर सेक्रेटरी: विषयांतर नको. पार्किंगच्या वेळी काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

तन्वी बी-४०३: विषय मी काढला नाही सर. आणि फवारणीला माझा विरोध लिहून ठेवा. गेल्या जुलैत न सांगता फवारलं, ब्रूनो दोन दिवस उलट्या करत होता.

रोहन सी-६०१: पण तो लॉनवर जात नाही ना?

(तन्वी बी-४०३ यांनी हा मेसेज डिलीट केला)

कुलकर्णी ए-३०२: मुद्दा बाजूला राहतो आहे म्हणून पुन्हा टाकतो. १) १,१२,००० रुपये. २) आठ दिवस. ३) तणनाशक. कमिटीने हो किंवा नाही एवढेच लिहावे.

मेघना बी-१०४: सासूबाई सांगतायत तसं टाइप करते. "भाऊसाहेब, लॉनच्या कडेचा आघाडा मारू नका. हरतालिकेला तुमच्याकडे आघाडा कुठून येतो ते वहिनींना विचारा. गेली चार वर्षं मीच नेऊन देते. माका आणि दूर्वासुद्धा. मंडईत सुकलेली जुडी मिळते ती मिळते, वर पैसे."

प्रिया सी-३०४: 🙊

सावंत सी-२०३: टँकरचं कोणी सांगेल का?

देशमुख डी-५०२ (न्यू जर्सी): नमस्कार मंडळी. आमच्या इकडे लॉनमध्ये चार डँडेलियन आले की शेजारी बोलायचे कमी होतात. माणूस येतो, फवारतो, छोटी पाटी रोवून जातो. अर्ध्या तासाचं काम. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीची चर्चाच फार.

जोगळेकर सेक्रेटरी: देशमुख साहेब, तुमचे दोन क्वार्टर बाकी आहेत. लिंक पाठवली आहे.

पाटील काका ए-१०१: मी बत्तीस वर्षं कृषी खात्यात काढली म्हणून चार ओळी. कुलकर्णी साहेबांचे फोटो मोठे करून बघितले. त्यात जे ताठ, हिरवंगार, लॉनच्या वर टोचल्यासारखं दिसतंय ते नागरमोथा. काल संध्याकाळी खुरपं घेऊन एक रोप काढलं. वीतभर खोल गेलो तेव्हा एका दोऱ्याला माळेसारख्या सात गाठी निघाल्या, बोराच्या बीएवढ्या. एक फोडली तर उटण्याचा वास. आपण दर पंधरा दिवसांनी मशीन फिरवतो, त्याने फक्त शेंडे जातात. खालची गाठ पुन्हा कोंब काढते. उलट लॉन थकतं आणि मोथा माजतो.

रोहन सी-६०१: म्हणजे दिवाळीचं उटणं सोसायटीचंच! 😄

पाटील काका ए-१०१: मस्करी नाही, उटण्यात नागरमोथाच असतो. आता फवारणीबद्दल. टू-फोर-डी मारलं तर रुंद पानांचं मरेल. घोळ, आंबुटी, आघाडा, माका. म्हणजे आजींचं सगळं जाईल आणि मोथ्याचे फार तर शेंडे पिवळे पडतील. ग्लायफोसेट मारलं तर तुमच्या एक लाख बारा हजारांसकट सगळंच जळेल. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली आहे, ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं. आपल्या नामदेवच्या पाठीवर पंप देऊन नाही.

कुलकर्णी ए-३०२: माहितीबद्दल आभार. मग उपाय काय? एका ओळीत सांगावे.

पाटील काका ए-१०१: खुरपणी. गाठीसकट.

शिंदे मॅडम डी-१०१: काका, जनरेटरमागचं गाजर गवत? आता पांढरी फुलं यायला लागलीत.

अद्वैत ए-५०२: ते काँग्रेस गवत ना? अमेरिकेने सडका गहू पाठवला त्यातून आलेलं?

सावंत सी-२०३: सगळं त्यांच्यामुळेच आलंय

प्रिया सी-३०४: यात पक्ष कुठून आला? हाच ग्रुप आहे म्हणून गप्प बसतो आम्ही.

अद्वैत ए-५०२: अहो, गवताचं नावच ते आहे!

जोगळेकर सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको. शेवटची सूचना. यापुढे गाजर गवत म्हणावे.

पाटील काका ए-१०१: गव्हाची गोष्ट सगळे सांगतात, पण ती इतकी सरळ नाही. या गवताची नोंद १९५५ साली आपल्या पुण्यातच झाली, उकिरड्यावर. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आपल्याकडे गहू आणायचा करार १९५६ चा. म्हणजे पाहुणा आधी आणि पत्रिका नंतर. त्याच्यावर सोडायला १९८४ मध्ये मेक्सिकोच्या भुंग्याला बंगळूरला मोकळं केलं. पावसाळ्यात तो पानं खातो, पण सगळं संपवत नाही.

रोहन सी-६०१: लॉन मेक्सिकन, भुंगा मेक्सिकन. मराठी काय उरलं मग?

जोगळेकर सेक्रेटरी: थकबाकी.

पाटील काका ए-१०१: लॉनचं मेक्सिकन हे फक्त नाव हो. ते गवत मूळचं आशियातलं आहे. असो. शिंदे ताईंचं ऐका. घोळीने कोणाचं काही बिघडत नाही, मोथ्याने फक्त डोळ्यांना त्रास. गाजर गवताने काहींना अंगावर पुरळ येतं, परागकणांनी नाक आणि दमा. एकेका झाडाला हजारो बिया. फुलं पिकायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून, मुळासकट, जमीन ओली असताना. आणि फुलावर आलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं नाही.

शिंदे मॅडम डी-१०१: गेल्या वर्षी तिथेच टाकलं होतं. मी बघितलं.

प्रिया सी-३०४: आणि तेच खत जानेवारीत कुंड्यांना वाटलं!! माझ्या गॅलरीत तेव्हापासून येतंय. मला वाटलं शेवंती. महिनाभर पाणी घातलं.

मेघना बी-१०४: 😂😂

प्रिया सी-३०४: हसू नका. काठीपण लावली होती आधाराला.

कुलकर्णी ए-३०२: मूळ विषय लॉनचा आहे. पुन्हा टाकतो. १) १,१२,००० रुपये. २) आठ दिवस. ३) तणनाशक किंवा (काकांच्या मतानुसार) खुरपणी.

जोगळेकर सेक्रेटरी: आत्ता नामदेवशी बोललो. तो म्हणतो, "साहेब, मशीननं मोथा जात नाही हे मी पयल्यापासून सांगतोय. दोन बाया सहा दिवस बसल्या तर निघंल, आन् दिवाळीआधी परत एकदा बसवाव्या लागतील. पण खुरपणीचे पैसे तर तुम्हीच काढून टाकले." हे खरं आहे. एप्रिलच्या सभेत खुरपणीची तरतूद रद्द झाली.

तन्वी बी-४०३: कोणाच्या सूचनेवरून?

जोगळेकर सेक्रेटरी: इतिवृत्त ड्राइव्हवर आहे.

रोहन सी-६०१: उघडलं. "श्री. कुलकर्णी (ए-३०२) यांनी सुचवले की, यंत्राने कापणी होत असल्याने मजुरीचा दुहेरी खर्च टाळावा. अनुमोदन..."

रोहन सी-६०१: अनुमोदन माझंच आहे. सॉरी.

कुलकर्णी ए-३०२: त्या वेळी नागरमोथ्याची माहिती सभेपुढे ठेवली गेली नव्हती. संदर्भ तोडून उल्लेख करू नये.

पाटील काका ए-१०१: मी ठेवली होती. चहा आला तेव्हा.

मेघना बी-१०४: सासूबाई विचारतायत, खुरपायला बायका येणार असतील तर घोळ वेगळी ठेवायला सांगाल का? आणि चिवळ असली तर तीही. तिचं पान त्याहून बारीक असतं.

अद्वैत ए-५०२: आणि पायवाटेच्या कडेची आंबुटी राहू द्या ना. ती छोटी निळी फुलपाखरं तिच्यावरच अंडी घालतात. मुलगी रोज भिंग घेऊन बसते.

कुलकर्णी ए-३०२: म्हणजे आता तणालाही आरक्षण.

(कुलकर्णी ए-३०२ यांनी हा मेसेज डिलीट केला)

प्रिया सी-३०४: वाचला आम्ही.

सावंत सी-२०३: टँकर येऊन गेला वाटतं. धन्यवाद 🙏

जोगळेकर सेक्रेटरी: ठरलं असं. रविवारी सकाळी ७:३० ला जनरेटरमागचं गाजर गवत. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क. येणाऱ्यांनी खाली नाव लिहावे. लॉनच्या खुरपणीचा खर्च मासिक बैठकीत.

जोगळेकर सेक्रेटरी: १. जोगळेकर

पाटील काका ए-१०१: २. पाटील. गुडघा दुखतो, पण उभा राहून सांगेन.

शिंदे मॅडम डी-१०१: ३. मी. मिस्टर पण येतील.

तन्वी बी-४०३: ५. तन्वी (ब्रूनो घरी)

रोहन सी-६०१: रविवारी बाहेरगावी आहे, नाहीतर नक्की आलो असतो 🙏

देशमुख डी-५०२ (न्यू जर्सी): मनाने तुमच्याबरोबर.

रविवार

शिंदे मॅडम डी-१०१ (सकाळी ९:५२): पाच गोण्या निघाल्या. सगळ्यांचे खूप आभार. कुलकर्णी वहिनींनी खाली चहा आणून दिला, विशेष आभार. खिडकी आज उघडली.

पाटील काका ए-१०१: पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं. बी जमिनीत आहेच.

कुलकर्णी ए-३०२: अभिनंदन. उत्तम काम. लॉनचा मुद्दा मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा. बाकी, मेघना वहिनी, हरतालिका जवळ आली. हिने विचारले आहे, आजींकडचा आघाडा या वर्षी मिळेल ना?

मेघना बी-१०४: सासूबाई म्हणतायत, "मिळेल की. लॉनमध्येच आहे. फोटो क्र. ३ मध्ये डावीकडे."