मुलाखतींतून पुस्तकी उत्तरंच मिळतात, विद्यार्थिनीला कसं शिकवू?

प्रश्न
पदव्युत्तर विद्यार्थिनीचा विषय: पशुपालक पशुवैद्यकाला न विचारता जनावरांना अँटिबायोटिक का देतात. ती स्वतः पशुवैद्यक आहे. पहिल्या मुलाखती पंधरा मिनिटांतच आटोपल्या, उत्तरं अगदी छापील. आम्हा दोघांचीही तयारी आकडेवारीतली. कुठून सुरुवात करू? शिवाय समिती नमुना-संख्या, म्हणजे किती मुलाखती घेणार तो आकडा, मागते आहे.

उत्तर १
पुढच्या मुलाखती थांबवा आणि एक ध्वनिमुद्रण दोघांनी मिळून ऐका. ट्रान्स्क्रिप्टमध्ये (मुलाखतीच्या शब्दशः लेखनात) प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: खुला, बंद की उत्तर सुचवणारा. ‘औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच देता ना?’ असं पशुवैद्यकानेच विचारल्यावर समोरचा ‘हो’ म्हणणारच. त्याऐवजी ‘मागच्या वेळी गाईची कास सुजली, तेव्हा आधी काय केलंत?’ असं विचारायला सांगा. मग ‘बरं, पुढे?’ एवढंच म्हणून गप्प राहायचं. दवाखान्यातल्या सवयीने निदानाकडे धावणारे प्रश्न येतात आणि माणूस रंगात येऊन सांगत असतानाच त्याचं बोलणं तुटतं.

चुकीचा डोस कानावर आला तरी मध्येच दुरुस्त करू नये, नाहीतर मुलाखतीची शिकवणी होते. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, यासारखी सुरक्षिततेची माहिती मुलाखत संपल्यावर मात्र नक्की द्यावी. हे नीतिमत्ता समितीच्या अर्जातच लिहून टाका.

उत्तर २
संख्येबद्दल: २००६ च्या एका अभ्यासातला ‘१२ मुलाखती पुरतात’ हा आकडा सर्रास उचलला जातो. तिथे गट बराच एकसारखा होता आणि प्रश्न ठरलेले होते, हे कुणी सांगत नाही. मॅल्टेरुड आणि सहकाऱ्यांची २०१६ ची ‘इन्फर्मेशन पॉवर’ची मांडणी समितीला पटवायला जास्त सोपी: उद्देश नेमका आणि संवाद सखोल असेल तर कमी मुलाखती पुरतात. अंदाजे संख्या द्या, ती का बदलू शकते तेही लिहा. वेळापत्रकात तासाभराच्या मुलाखतीच्या शब्दशः लेखनाला नवख्यासाठी सहा-आठ तास धरा.

उत्तर ३
कोडिंगही, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं देणं, आत्ताच सुरू करा, सगळ्या मुलाखती संपायची वाट पाहू नका. ‘खर्च’ हा नुसता विषय झाला. ‘उरलेली बाटली वापरणं म्हणजे डॉक्टरची फी वाचवणं’ ही थीम, कारण ती काहीतरी म्हणते. एकच ट्रान्स्क्रिप्ट दोघांनी स्वतंत्रपणे कोड करा आणि जिथे जुळत नाही तिथेच बोलत बसा. ब्रॉन आणि क्लार्क यांची थीम शोधण्याची रिफ्लेक्सिव्ह पद्धत (संशोधकाचा स्वतःचा दृष्टिकोन विश्लेषणाचाच भाग मानणारी) घेणार असाल, तर ‘कप्पा’ (दोघांचं कोडिंग किती जुळतं याचा आकडा) काढू नका. तिथे एकमताचा आकडा हा दर्जाचा निकषच नाही. परीक्षकाने मागितला तर हेच उत्तर द्या. कोरेक (COREQ) ही मुलाखतींवरच्या अभ्यासांसाठीची ३२ मुद्द्यांची यादी अहवाल लिहिण्यासाठी आहे, पण मुलाखतकाराचा पेशा आणि सहभागींशी असलेलं नातं हे मुद्दे आजच नोंदवून ठेवा. ‘पशुवैद्यक समोर होती म्हणून काय सांगितलं गेलं नाही?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच दिवशी वहीत उतरवायला लावा.