शाळेतले तंत्रज्ञान : शिकवण्यासाठी की माहिती भरण्यासाठी?

दुशिक्षकी
जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर लोकवर्गणीतून गावोगावी प्रोजेक्टर आले. २०१७ मध्ये केंद्राचे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन अभ्याससाहित्याचे व्यासपीठ आले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. तरीही माझे मत असे की, मुलांना शिकवणाऱ्या तंत्रज्ञानापेक्षा मुलांची मोजदाद करणारे तंत्रज्ञानच सरकारने अधिक नेटाने राबवले. आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत परिपाठ आटोपला की एक गुरुजी मोबाइल घेऊन चिंचेखाली उभे राहतात, कारण रेंज तेवढी तिथेच येते. ते ॲपमध्ये हजेरी भरतात, दुपारी पोषण आहाराच्या ताटांचा आकडा भरतात आणि तोवर चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात.

निवृत्त केंद्रप्रमुख
असहमत. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत, म्हणजे राज्यभर पटावरची मुले प्रत्यक्ष मोजली तेव्हा, लाखो मुले केवळ हजेरीपटावर असल्याचे उघड झाले, हे आपण विसरलात काय? त्या मुलांच्या नावावर तुकड्या आणि पदे मंजूर होत होती. ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन नोंदप्रणालीमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद आल्यावर एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखवणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. माहिती भरणे कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण ती न भरण्याची किंमत आपण मोजून चुकलो आहोत.

पालक, तिसरी ब
दोघांचेही वाचले. आमच्या शाळेतला प्रोजेक्टर मात्र वर्षभर कापडात गुंडाळून कपाटात आहे, कारण विजेचे बिल थकले आणि मीटर काढून नेला. यंत्रासाठी वर्गणी मिळते, बिलासाठी कोण देणार? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर केला आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, हे उदाहरण प्रत्येक भाषणात येते. पण तिथे आधी मुलांची अडचण ओळखणारा शिक्षक होता आणि कोड नंतर आला. आपल्याकडे कोड आधी छापला जातो.

दुशिक्षकी
केंद्रप्रमुख साहेब, पटपडताळणीचेच घेऊ. ती तीन दिवसांत माणसांनी शाळेत जाऊन, मुलांच्या बोटांना शाई लावून केली होती. खोटा पट पकडला तो शाईच्या बाटलीने, ॲपने नव्हे. ॲपमध्ये तर भरणारा जो आकडा भरेल तोच वर जातो.

निवृत्त केंद्रप्रमुख
रोज शाई लावता येत नाही, गुरुजी. मात्र एक गोष्ट मी पदावर असतानाही लेखी मांडली होती आणि आजही मांडतो : ऑनलाइन हजेरी घ्यायची असेल, तर तोच तपशील पुन्हा कागदी हजेरीपटावर आणि मासिक पत्रकात मागू नये. माझ्या त्या टिपणावर ‘फाइल करावे’ एवढाच शेरा आला.

दुशिक्षकी
ते टिपण सापडले तर इथे टाका. पंचायत समितीच्या पुढच्या बैठकीला मी छापून नेतो.