दार उघड आणि आधी पिवळा स्टिकर वाच

समीर: मंडळी, सहलीला राहायच्या ट्रेलरचं नक्की झालं. ३० फुटी आहे. रिकामा ७,६०० पाउंड, सगळं सामान आणि पाणी भरून जास्तीत जास्त ९,८००. आता तो ओढायला पिकअप घ्यायचाय आणि इंजिनावरून डोकं पार चक्रावलंय. तीन पर्याय आहेत. फोर्डचा हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला एफ-१५०, ३.५ लिटर ट्विन टर्बो पेट्रोल. नाहीतर त्याहून दणकट थ्री-क्वार्टर टन एफ-२५०, त्यात ६.७ लिटर डिझेल किंवा ७.३ लिटर पेट्रोल. राजूमामा, प्राचीताई, तुम्ही दोघं बोला.

राजूमामा: इंजिन जरा बाजूला ठेव. हाफ-टन बघायला गेलास तेव्हा ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचलास का?

समीर: नाही रे मामा. माहितीपत्रकात ओढायची क्षमता ११ हजारांच्या वर दिली आहे. मग ९,८०० आरामात चालायला हवं ना?

राजूमामा: तिथेच लोक फसतात. तो आकडा खोटा नसतो, पण तो कसा काढलाय ते बघ. अमेरिकेत त्यासाठी एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी धरतात, दोघं १५०-१५० पाउंडांचे. साध्या ट्रेलरचा हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर, येणारा भार धरतात ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के. म्हणजे मागच्या सीटवर मुलं नाहीत, मागच्या हौद्यात सायकली नाहीत, जनरेटर नाही. तुझी सहल अशी असणार आहे का? जाऊन स्टिकर बघ, फोटो टाक.

समीर: गेलो होतो. तिन्ही ट्रकांचे स्टिकर वाचले. हाफ-टन १,४८०. डिझेल एफ-२५० वर २,१५०. आणि ७.३ पेट्रोलवर ३,०५०. हे कसं काय? डिझेल तर जास्त ताकदवान ना?

राजूमामा: शाब्बास, हाच प्रश्न पडायला हवा होता. तो आकडा म्हणजे ट्रकच्या पाठीवर किती घालता येईल ते. माणसं, सामान, हिच, आणि ट्रेलरची मान जेवढी खाली दाबते तेवढं, सगळं त्यातच. डिझेल इंजिन स्वतःच पेट्रोलपेक्षा काही शे पाउंडांनी जड असतं. ट्रकची एकूण वजनाची मर्यादा मात्र तेवढीच, म्हणून इंजिन जितकं जड तितकी तुझ्या वाट्याची जागा कमी. ताकद वाढली तरी पाठ तीच राहते.

आता हिशेब कर. ट्रेलर स्थिर चालायला हवा असेल तर हिचवरचा भार १० ते १५ टक्के असावा लागतो, त्याहून हलका ठेवलास तर मागे ट्रेलर डुलायला लागतो. आपण १३ टक्के धरू. ९,८०० चे १,२७४. वजन वाटून देणारा हिच साधारण ९०. तुम्ही चौघं मिळून?

समीर: अंदाजे ४८०.

राजूमामा: १,८४४ झाले. हाफ-टन १,४८० ला संपला. इंजिन कितीही चांगलं असू दे, तो ट्रक तुझ्यासाठी नाही. त्या ३.५ इंजिनाला मी नावं ठेवत नाही. हलक्या ट्रेलरला ते झकास आहे, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असल्यामुळे उंचीवरही दम टिकतो. पण मागचा ॲक्सल, स्प्रिंगा आणि टायर जे उचलतात ते इंजिन उचलत नाही.

अनघा: मामा, तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं. आम्ही जवळजवळ हाफ-टनवर सही करणार होतो. मग राहिले दोन. डिझेलमध्ये ३०६ पाउंड शिल्लक राहतात, पेट्रोलमध्ये १,२००. पण घाट चढताना पेट्रोल रडणार नाही का?

राजूमामा: रडणार नाही, ओरडेल. त्यात फरक आहे. मी २२ वर्षं ट्रकांच्या वर्कशॉपात काढली, लोक आवाजाला घाबरून नको ती निवड करतात. ते ६.७ डिझेल मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर १,०५० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. टॉर्क गुणिले फेरे भागिले ५,२५२, की अश्वशक्ती निघते. म्हणजे १,६०० वरच त्याच्याकडे ३२० अश्वशक्ती तयार असते. ७.३ पेट्रोल २०२० साली आलं तेव्हा त्याचा टॉर्क होता ४७५, तोही ४,००० फेऱ्यांवर. तेवढीच ३२० अश्वशक्ती काढायला त्याला ३,६०० च्या आसपास फिरावं लागतं. चढावर ट्रक दोन-तीन गिअर खाली येईल, आवाज वाढेल, मुलं विचारतील काय झालं. काही झालेलं नसतं. ते इंजिन तसं फिरण्यासाठीच बनवलंय.

खरा तोटा उंचीवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के दम गमावतं. ८,००० फुटांवर जवळजवळ पाव ताकद गेली. ४३० अश्वशक्तीची सव्वातीनशे उरते. हवा विरळ, त्याला इलाज नाही. डिझेलचा टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

प्राचीताई: चढाचं सगळे बोलतात, मला उताराचं बोलायचंय. अनघा, मुलं मागे बसणार म्हणून मुद्दाम लिहिते. पहिल्या वर्षी आम्ही जुना पेट्रोल ट्रक आणि ७,००० चा ट्रेलर घेऊन डोंगरातून उतरत होतो. सहा-सात मैलांचा सलग उतार. मी टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर खालचा ठेवणारी सोय, लावलाच नव्हता, गिअर आपोआप वरचा पडलेला, आणि माझा पाय सतत ब्रेकवर. आधी जळकट वास आला, मला वाटलं बाहेरचा आहे. मग पेडल हळूहळू मऊ पडत गेलं, दाबलं की खाली जायचं पण गाडी तेवढी धरत नव्हती. वळणाजवळ रुंद कड दिसली तिथे कशीबशी थांबवली. उतरून चाकाजवळ गेले तर हात न लावताही चेहऱ्याला धग लागत होती आणि ट्रेलरच्या एका चाकातून धूर निघत होता. आम्ही तिथे तासभर बसलो. मुलं काहीच बोलत नव्हती, ती शांतता मला अजून आठवते.

समीर: बाप रे ताई. हे तू कधी सांगितलंच नाहीस.

प्राचीताई: सांगायला जमलं नाही. आता सांगते कारण तुम्ही घेताय. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच वेग कमी करायचा आणि खालचा गिअर टाकायचा. ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. आता आमच्याकडे १४,००० पाउंडांचा फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर आहे आणि डिझेल आहे. त्याचा एक्झॉस्ट ब्रेक लावला की ट्रक पाठीमागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा उतरतो. मोठ्या उतारावर पाच-सहा वेळाच ब्रेकला पाय लागतो. माझ्यासाठी डिझेलचे जादा पैसे त्या एका बटणासाठी वसूल झाले.

राजूमामा: प्राची बरोबर बोलतेय, कारणही समजून घ्या. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते, इंजिनाला हवा ओढायला कष्ट पडतात आणि तेच गाडीला रोखतं. नेहमीच्या डिझेलमध्ये अशी झडप रोखायला नसते, नुसतं सोडलं तर ते फारसं धरत नाही. म्हणून टर्बोच्या पात्या मिटवून धुराची वाट अडवतात, तोच एक्झॉस्ट ब्रेक. तो अडवलेला धूरच ट्रक रोखतो. पेट्रोलला खालचा गिअर आणि ४,००० च्या वरचे फेरे देऊन उतरावं लागतं. ते धरतं, पण डिझेलइतकं निवांत नाही.

समीर, आता तू सांग. ट्रेलर वर्षातून किती वेळा? आणि बाकीचे दिवस ट्रक काय करणार?

समीर: वर्षातून सहा-सात सहली, त्यात एखादी डोंगरातली. बाकी रोज ऑफिस. चार मैल जायचं, चार मैल यायचं.

राजूमामा: मग मी तुला डिझेल घे असं सांगणार नाही. आजच्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी ट्रक हायवेवर जरा वेळ, ओझं घेऊन पळायला हवा. चार मैलांत इंजिनाचं तेलसुद्धा नीट तापत नाही. फिल्टर भरत जातो, जाळायची प्रक्रिया सुरू होते आणि तू ऑफिसच्या आवारात चावी काढतोस. पुन्हा अर्धवट. वर्कशॉपात मी असे कितीतरी ट्रक पाहिलेत, जेमतेम काही हजार मैल चाललेले आणि फिल्टर, सेन्सर, धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर, सगळं काजळीने माखलेलं. मालक बिचारा म्हणायचा, मी तर गाडी जपून वापरली. जपूनच बिघडलेली असायची. शिवाय धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण भरत राहायचं, इंधनाचे फिल्टर बदलायचे, त्यातलं पाणी काढायचं.

प्राचीताई: मामाशी सहमत. आम्ही वर्षाला १५-१६ हजार मैल ट्रेलर ओढतो, म्हणून आमचं डिझेल निरोगी आहे. मी समीरच्या जागी असते तर पेट्रोलच घेतलं असतं.

अनघा: आणि डोंगरातली ती एक सहल?

राजूमामा: तेव्हा उजव्या लेनमध्ये राहायचं, ताशी ४० मैलांनी चढायचं, घाई नाही. लक्षात घे, जे२८०७ ची चाचणीच अशी आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमपाशी ११.४ मैलांचा चढ आहे, भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण जोरात लावून तिथे ट्रेलर ओढतात. तुझ्यासारख्या ट्रकला तिथे ४० मैलांच्या खाली जायचं नाही एवढीच अट आहे. कुणी ६५ ने चढवत नाही.

एक गोष्ट मात्र सोडू नकोस. मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो ते. ३.५५ ऐवजी ४.३० मिळाला तर ७.३ इंजिन चढावर आणि थांब्यावरून निघताना खूप सुटसुटीत वागेल. रिकाम्या ट्रकला थोडं जास्त पेट्रोल लागेल, चालेल.

समीर: आणि ट्रेलरचे ब्रेक?

प्राचीताई: ट्रकमध्येच कंट्रोलर येतो. पहिल्या दिवशी मोकळ्या सपाट जागेत २०-२५ मैलांच्या वेगाने चालव आणि कंट्रोलरची ती छोटी कळ हाताने दाब. ट्रेलरने मागून खेचल्याचं जाणवायला हवं, पण चाकं घासत जाम होता कामा नयेत. तोवर गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, कमीजास्त करत राहायचा. ट्रेलर भरलेला असताना पुन्हा एकदा कर, रिकाम्यावर लावलेला गेन भरलेल्याला पुरत नाही.

समीर: ताई, ते पहिल्याच दिवशी करतो. आणि ट्रेलर भरून झाला की वजनकाट्यावर नेतो. आधी ट्रेलरसकट, मग नुसता ट्रक.

राजूमामा: वजन करताना चौघं गाडीत बसलेले असा, टाकी भरलेली असू दे. पावतीवर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे वेगळे येतील. तिन्ही इथे टाक, मी बघून सांगतो.

(दोन आठवड्यांनी)

समीर: घेतला. ७.३ पेट्रोल, स्टिकर ३,०१०, ॲक्सल ४.३०. आज पूर्ण भरून काट्यावर नेला. ट्रेलर जोडल्यावर आणि सोडल्यावरच्या वजनातला फरक पाहिला, हिचवर १,३१० येतायत. पावत्यांचे फोटो टाकतोय.

राजूमामा: पाहिले. पुढचा ॲक्सल जोडल्यावर थोडा जास्तच हलका झालाय. हिचच्या साखळ्या एक कडी घट्ट कर आणि पुन्हा काट्यावर जा.