बैल गाडी ओढतो की जू ढकलतो?

प्रश्न : बालवाडीताई
मी बालवाडीच्या मोठ्या गटाला, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या आठवड्यात ढकलणे आणि ओढणे हा विषय घेताना आम्ही चित्रे दोन टोपल्यांत वेगळी करण्याचा खेळ खेळलो. भाजीची हातगाडी ‘ढकलणे’च्या टोपलीत गेली, विहिरीतून पोहरा काढणारी बाई ‘ओढणे’च्या टोपलीत गेली. बैलगाडीचे चित्रही मी ‘ओढणे’मध्ये टाकायला सांगितले, परंतु शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा ठामपणे म्हणाला, की बैल गाडी ओढत नाही, तो जू ढकलतो. मी त्याला गप्प केले, याची आता चुटपुट लागली आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? असल्यास ते इतरांचा गोंधळ न होता कसे सांगावे?

उत्तर : निवृत्त शिक्षक
ताई, मुलाचे निरीक्षण अचूक आहे. जू बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे असते. बैल पाऊल टाकतो तेव्हा वशिंड जुवाला मागून रेटते आणि जुवाला बांधलेली दांडी गाडीला पुढे ओढते. आपले उत्तरही चुकीचे नव्हते, फक्त कोण कोणाला जोर लावतो हे प्रश्नात सांगितलेले नव्हते. बैल आणि जू म्हटले तर ढकलणे, दांडी आणि गाडी म्हटले तर ओढणे. त्यामुळे चित्र टोपलीत टाकण्यापूर्वी प्रत्येक वेळी “कोण? कोणाला?” असे विचारण्याची सवय लावावी. जात्याचे उदाहरणही येथे उपयोगी पडेल. समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघींचे हात एकाच खुंट्यावर असतात, तरी एक तो ढकलत असते त्याच क्षणी दुसरी आपल्याकडे ओढत असते.

उत्तर : एक पालक (यंत्र अभियंता)
सरांचे विवेचन पटते, मात्र पाच वर्षांच्या मुलाला वशिंड, जू, दांडी ही साखळी ऐकून समजणार नाही. ती त्याच्या अंगाला कळली पाहिजे. पुठ्ठ्याच्या खोक्यात थोडी पुस्तके भरावीत, एक ओढणी मुलाच्या पोटावरून मागे नेऊन तिची टोके खोक्याला बांधावीत आणि त्याला चालायला सांगावे. ओढणी कमरेलाच असावी, गळ्यात मुळीच नको. आपण पोटाने ओढणीला ढकलतो आहोत आणि मागून खोके ओढले जात आहे, या दोन्ही गोष्टी त्याला एकदम जाणवतील. नंतर खोक्याखाली गोल पेन्सिली आडव्या ठेवल्या, की त्याच खोक्याला किती कमी जोर लागतो हेही कळेल.

आणखी एक सुचवतो. सगळ्यांना मिळून भिंत ढकलायला लावावी. वस्तू हलली तरच जोर लागला, अशी बहुतेक मुलांची समजूत असते. भिंत हलत नाही, पण तळहात लाल होतात. सरबत स्ट्रॉने पिण्याचे उदाहरण मात्र या वयात टाळावे. तेथे आपण सरबत ओढतो असे वाटते, परंतु तोंडातला दाब कमी झाल्यावर बाहेरची हवा ते वर ढकलते.

बालवाडीताई
दोघांचेही आभार. आज ओढणीचा प्रयोग केला आणि त्या मुलालाच पहिला बैल केले. चालून झाल्यावर तो म्हणाला, “बाई, पण उतारावर गाडीच बैलांना ढकलते.” उद्या फळी तिरकी लावून ते पाहणार आहोत.